तेरावा फर्मा

ठिपक्याने तिसऱ्यांदा पानं उलटली, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा नाकावर चढवला, आणि तरीही ते प्रकरण तिथे नव्हतं ते नव्हतंच.

जावयाला ‘ठिपका’ हे नाव लग्नाआधीच पडलं होतं. मुद्रितं तपासणं हा त्याचा धंदा आणि छापलेल्या पानावर चुकून पडलेला ठिपकासुद्धा नजरेतून न सोडणं हा त्याचा आजार. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्याने लाल शाईने दुरुस्त करून सासऱ्यांना परत पाठवली होती. दादांना जावई पसंत पडला तो त्याच दिवशी. सासूबाईंना, म्हणजे वहिनींना, पसंत पडायला मात्र आणखी चार वर्षं लागली.

सकाळचे साडेनऊ झाले होते आणि पाच वाजता शिफारस होती.

शिफारस म्हणजे काय, हे या घरात कुणाला विचारायची सोय नाही. विचारणाऱ्याला तासभर बसवून घेतात. थोडक्यात सांगायचं तर घरच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी घरातल्या एकाने सभासदांसमोर उभं राहून एकाच पुस्तकाची शिफारस करायची, त्यातलं थोडं मोठ्याने वाचायचं, आणि त्या पुस्तकाला जामीन राहायचं, ही दादांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. जामीन म्हणजे अगदी जामीन. पुस्तक पटलं नाही तर सभासदाने केव्हाही यावं, ऐन जेवणाच्या वेळी यावं, आणि जामिनाने ताटावरून उठून त्याचं भांडण ऐकून घ्यावं. वहिनींनी एके वर्षी एका जाडजूड प्रवासवर्णनाची शिफारस केली होती. ते वर्षभर त्यांच्या घशाखाली धड घास उतरला नाही.

या वर्षी पाळी मुलीची, म्हणजे मास्तरणीची होती. तिने निवडलं होतं ‘कुलपातली बाग’. त्यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही, कारण ती कादंबरी या घराची लाडकी लेक होती. मोठं घर, घरामागे उंच भिंत, भिंतीआड बाग आणि बागेला कुलूप. किल्ली कुणाकडे आहे ते कुणी सांगत नाही आणि कुलूप का घातलं ते कुणी विचारत नाही. मग नवी सून येते आणि विचारत सुटते. एकेक करत तीन पिढ्यांची झाकलेली गुपितं उघडी पडतात. त्यातलं बागेचं प्रकरण तर विचारूच नका. सून भिंत चढून आत उतरते, तर वाळून कोळ झाली असेल असं सगळे समजत होते ती बाग हिरवीगार! घरातली अबोल नणंद, जिला कुणी कधी धड दोन शब्द विचारले नाहीत, ती वर्षानुवर्षं पहाटे भिंत चढून झाडांना पाणी घालत आलेली. निम्मे सभासद त्या प्रकरणावर रडले होते, आणि उरलेल्या निम्म्यांनी आपण रडलो नाही असं खोटं सांगितलं होतं.

वाचनालयात त्या कादंबरीची एकच प्रत होती. मूळ प्रकाशकाचा धंदा केव्हाच बसला होता, लेखिकाबाई वारल्या होत्या, बाजारात पुस्तक मिळत नव्हतं. यंदा कुण्या नव्या प्रकाशकाने ते पुन्हा छापलं. ठिपक्याने चाळीस प्रती मागवल्या होत्या, आणि बायको वाचेल तेव्हा सभासदांना पुस्तकात बघून ऐकता यावं म्हणून तो नव्या प्रतीत पान शोधत बसला होता.

“अगं, इकडे ये जरा,” त्याने मास्तरणीला हाक मारली. “आणि आरडाओरडा करू नकोस.”

“मी कधी आरडाओरडा करते?” मास्तरीण दारातूनच ओरडली.

त्याने दोन्ही प्रती तिच्यासमोर ठेवल्या. जुन्या प्रतीत सून भिंतीवरून आत डोकावते आणि तिला ओल्या मातीचा वास येतो. नव्या प्रतीत ती डोकावते आणि खाली नुसता पाचोळा. बाग मेलेली. सून आटलेल्या हौदातल्या गाळात उतरते, आजेसासऱ्यांची लपवलेली पत्रं शोधते, आणि तिला काहीही सापडत नाही. नणंद त्यात नाहीच. पुढे मात्र दोन्ही प्रती पुन्हा एक होतात: सून घोट्यापर्यंत चिखलाने भरलेल्या पायांनी घरात येते आणि कुणाशी बोलत नाही.

मास्तरणीने वाचलं. मग खुर्ची ओढून ती बसली. “हे काय आहे?”

“तेच तर.”

“आता संध्याकाळी मी वाचू काय? चाळीस माणसं पुस्तकात बोट घालून बसणार आणि मी भलतंच वाचणार!”

“बाबांना इतक्यात सांगू नकोस. आधी मी प्रकाशकाला विचारतो.”

बोलणं इथवर आलं होतं आणि पडद्यामागून वहिनी म्हणाल्या, “काय सांगू नकोस?” या घरात गुपित फार तर पाव तास टिकतं, तेही वहिनी बाहेर गेलेल्या असल्या तर.

*

दहा वाजेपर्यंत दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“गाळलं!” ते टेबलावर हात आपटत म्हणाले. “सबंध कादंबरीतलं सोन्यासारखं प्रकरण या दीडशहाण्यांनी गाळलं आणि त्या जागी हा पाचोळा भरला! बाई हयात नाहीत म्हणून काहीही खपवायचं? घे रे, कागद घे. पत्र लिही.”

ठिपक्याने कागद घेतला. शहात्तराव्या वर्षीही दादा उभ्याने मजकूर सांगत, आणि सांगताना हात पाठीमागे बांधून वाचनालयाच्या कपाटांसमोरून येरझारा घालत.

“महोदय. आपण आपल्या आवृत्तीत जो अक्षम्य... अक्षम्यला अधोरेखा दे. जो अक्षम्य अपराध केला आहे तो आमच्यासारख्या लहान वाचनालयाच्या नजरेतून सुटेल अशी आपली समजूत असावी. आमच्याकडे या कादंबरीची संपूर्ण प्रत आहे. संपूर्ण! एकतीस वर्षं ती आम्ही जिवापाड जपली आहे. आमच्या वाचनालयात पुस्तकाला शाईचं बोट लागलेलं खपवून घेतलं जात नाही, तिथे...”

“अहो, जरा दमानं,” वहिनी म्हणाल्या. “आधी विचारा तरी.”

“विचारायचं काय त्यात? हे पत्र मी आज पाच वाजता सर्वांसमोर वाचणार आहे. सगळ्या सभासदांच्या सह्या घेणार आहे. लोकांना कळू दे, या गावात कुणीतरी अजून डोळ्यांत तेल घालून वाचतं!”

दादांच्या आवाजात राग होता त्याच्या दुप्पट अभिमान होता. छाती काढून ते बोलत होते. मास्तरीणही आता पेटली. बाबांच्या बाजूने उभी राहून ती शब्द सुचवायला लागली. ‘अपराध’च्या जागी ‘दरोडा’ तिनेच घालायला लावला.

मागच्या बांधणीच्या खोलीचं दार उघडंच होतं.

*

आत आत्या, म्हणजे दादांची धाकटी बहीण, नव्या प्रतींना खाकी कव्हरं घालत होती. एकोणतीस झाली होती, अकरा राहिली होती.

तिला हे दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं. खोकं फोडलं, पहिली प्रत हातात घेतली आणि थेट सून भिंतीवर चढते ते पान उघडलं. पाचोळा, हौद, गाळ. एकतीस वर्षं तिला वाटायचं, खऱ्या पानांत काय असेल? आता कळलं. तिने ती पानं उभ्याउभ्याच वाचली, खळीचं भांडं पालथं घातलं, आणि मग दोन दिवस मूग गिळून बसली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आत्या एरवीही बोलत नसे.

ती मनाशी म्हणत होती, मास्तरीण दुसरं काहीतरी वाचेल. पहिलं प्रकरण वाचेल. लोक प्रती घेऊन घरी जातील, ज्याला कळेल त्याला कळेल. पण आता दादा सबंध गावासमोर पत्र वाचणार, परक्या माणसावर दरोड्याचा आळ घेणार, आणि उद्या तो प्रकाशक मूळ हस्तलिखित आणून टेबलावर ठेवणार. मग दादाची मान खाली जाणार. दादाची मान खाली गेलेली तिने आजवर पाहिली नव्हती आणि पाहायचीही नव्हती. पण खरं सांगितलं तर? तर जुन्या प्रतीतली ती सोळा पानं जाणार. एकाहत्तर वर्षांत तिने केलेली, आणि लोकांना आवडलेली, तेवढी एकच गोष्ट. दादा ती उसवून फेकून देईल. पुस्तकांच्या बाबतीत दादा कुणाचा नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

बाहेरून आवाज आला, “सदर कृत्य म्हणजे निव्वळ दरोडा असून...”

आत्याने हातातलं कव्हर पुरं केलं, घडी नखाने नीट दाबली आणि बाहेर आली.

“प्रकाशकाने काही गाळलेलं नाही, दादा.”

“तू आपलं काम कर गं,” दादा येरझारा न थांबवता म्हणाले. “यातलं तुला काय...”

“ते प्रकरण त्या बाईंनी लिहिलेलं नाही. मी लिहिलंय.”

वहिनी म्हणाल्या, “वन्सं, भलत्या वेळी थट्टा नको हं.” पण एवढं म्हणून त्या स्वतःच थबकल्या. वन्संनी थट्टा केल्याचं त्यांना पंचेचाळीस वर्षांत आठवत नव्हतं.

“तेरावा फर्मा,” आत्या म्हणाली. “पान एकशे त्र्याण्णव ते दोनशे आठ. मी लिहिला. शेजारच्या छापखान्यातल्या खिळेमामांनी खिळे जुळवून छापला. मीच शिवला.”

फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद घड्या घालून होणारी सोळा पानं. असे फर्मे एकापुढे एक रचून शिवले की पुस्तक होतं. हे या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. दादा तेवढे खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

“पुस्तक आलं तेव्हाच बांधणी चुकलेली होती,” आत्या सांगू लागली. तिला सलग इतकं बोलायची सवय नव्हती, म्हणून ती मध्येमध्ये थांबून श्वास घेत होती. “बारावा फर्मा दोनदा आणि तेरावा नाहीच. मला तरी कुठे माहीत होतं? आईची दृष्टी गेली होती तेव्हा. रोज दुपारी मी तिला वाचून दाखवायची. सून भिंतीवर चढली, बारावा संपला आणि पुढे बघते तर परत बाराव्याचं पहिलं पान. आई म्हणाली, थांबलीस का गं? मग मी थांबले नाही. सांगत गेले. सुचेल तसं.”

“मनानं?” मास्तरणीने विचारलं.

“मनानंच. दुसऱ्या दिवशी आई म्हणते, कालचं बागेचं पुन्हा वाच. आता आली का पंचाईत! तेच्या तेच वाचायचं म्हणजे लिहून काढायला हवं. रात्रंदिवस डोक्यात तेच. पुढे महिनाभर तिने रोज तेवढंच वाचून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं कुठलं वाक्य लांबलंय. ते मी कापायची. आई गेली, आणि ते कागद फेकवेनात. प्रकाशक तर तेव्हाच बुडाला होता, दुसरी प्रत मिळायची नव्हती. म्हटलं, पुस्तक लंगडं ठेवण्यापेक्षा...”

“आणि कागद?” ठिपक्याला राहवलं नाही. “कागद जुळला कसा?”

“चहाच्या पाण्यात बुडवला. तीनदा बिघडला, चौथ्यांदा जमला. मजकूरही जमवावा लागला. सोळा पानांत बसायला हवा, एक ओळ कमी नाही की जास्त नाही. शेवटचं वाक्य अर्धं तुटून चौदाव्या फर्म्यातल्या अर्ध्याला मिळायला हवं. खिळेमामा म्हणाले, बाई, असं काम आजवर कुणी सांगितलं नाही. मरेपर्यंत बोलले नाहीत ते कुणाजवळ.”

मग दादा बोलले, आणि त्यांचा आवाज वाढलेला नव्हता हेच वाईट होतं.

“एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, आमच्याकडची प्रत पूर्ण आहे. दुसऱ्या बाईच्या नावाखाली तू आपला मजकूर घातलास. याला काय म्हणायचं? मी कुणाला पानाचा कोपरा दुमडू देत नाही, आणि माझ्या पाठीमागे माझीच बहीण...” त्यांनी ठिपक्याच्या हातातला पत्राचा कागद ओढून घेतला. “आज शिफारस होणार नाही. लोकांना चहा पाजू आणि परत पाठवू. आणि तो फर्मा उसवून टाक.”

“बरं,” आत्या म्हणाली.

*

ते ‘बरं’ वहिनींच्या काळजात गेलं.

त्या आणि वन्सं एका छपराखाली पंचेचाळीस वर्षं राहिल्या होत्या आणि त्यांतली चाळीस तरी वहिनींनी नणंदेच्या अबोलपणाला टोमणे मारण्यात घालवली होती. भिंतीशी बोलले असते तर बरं, असं त्या उघड म्हणत. ‘कुलपातली बाग’ त्यांनी सहा वेळा वाचली होती. एकदा तर बांधणीच्या खोलीत जाऊन म्हणाल्या होत्या, “त्यातली ती नणंद आहे ना, अगदी तुमच्यासारखी हो!” वन्संनी सुईत दोरा ओवता ओवता उत्तर दिलं होतं, “असेल.” असेल! बाईने स्वतः लिहिलं होतं आणि म्हणते असेल. वहिनींना एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं, आणि त्या दोन्ही सोडून भांडायला उठल्या.

“अहो, काही उसवायचं नाही.”

“तू मध्ये पडू नकोस.”

“पडणार. आजवर नणंदेविरुद्ध पडले, आज तिच्या बाजूने पडते. या घरात बोलायचं काम तुमचं आणि ऐकायचं आमचं. एका बाईने जन्मात एकदा तोंड उघडलं, सगळ्या गावाला रडवलं, आणि तुम्ही म्हणता उसव? त्या प्रकरणासाठी मी सहा वेळा पदर भिजवलाय. माझा पदर कोण उसवणार?”

“आई, पदर उसवत नाहीत,” ठिपका सवयीने म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा, ठिपकेराव! हे सगळं तुमच्यामुळे.”

पण ठिपका गप्प बसला नाही. त्याने जुनी प्रत उचलली, खिडकीशी नेली, तेराव्या फर्म्याची शिवण उजेडात धरली. “बाबा, मी ही प्रत चार वेळा वाचलीये. दिवसाला शंभर पानं चुका शोधत वाचतो मी, त्यावर माझं पोट आहे. मला सांधा दिसला नाही. कागदाचा नाही, छपाईचा नाही, भाषेचा तर नाहीच नाही. मी धंदा बंद करायला हवा खरं तर.” हे सांगताना त्याचा चेहरा इतका उजळला होता की जणू चूक त्यानेच केली होती आणि बक्षीसही त्यालाच मिळालं होतं. “आत्या, सलाम आहे तुम्हाला.”

मास्तरणीने सकाळपासून एकदा बाजू बदलली होती. आता तिने दुसऱ्यांदा बदलली आणि ती तिथेच राहिली. “बाबा, शिफारस होणार.”

“अध्यक्ष मी आहे.”

“आणि जामीन मी आहे. जामिनाचा शब्द अध्यक्षाला मोडता येत नाही, आजोबांची रीत आहे. मी लेखिकेच्या पुस्तकाची शिफारस करणार, आणि आत्याच्या सोळा पानांचीही. कुणी काय लिहिलं ते सांगून. लोक भांडायला आले तर येऊ देत, मी ताटावरून उठेन.”

दादांनी एकेकाकडे पाहिलं. बायको, मुलगी, जावई, तिघंही एका बाजूला. मग त्यांनी दोन्ही प्रती काखेत मारल्या आणि वाचनकक्षात जाऊन दार लावून घेतलं.

*

दादांनी आधी नवी प्रत वाचली. बाईंची पानं चांगली होती. चांगली कसली, उत्तम होती. सकाळी रागाच्या भरात त्यांना पाचोळा म्हटलं याची त्यांना लाज वाटली. हौदाच्या गाळात रिकाम्या हातांनी उभी राहिलेली सून त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. मग त्यांनी जुनी प्रत उघडली. हे प्रकरण त्यांना जवळजवळ पाठ होतं. पण आज ते बहिणीचं म्हणून वाचायचं होतं, आणि तसं वाचायला लागल्यावर पहिल्याच पानावर त्यांची गाडी अडली.

सून नणंदेला विचारते, इतकी वर्षं तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही? नणंद झाडाच्या बुंध्याशी पाणी सोडत म्हणते, “कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

दादांनी पुस्तक मिटलं. वडील गेले तेव्हा बांधणीला हात हवे होते. थोरला शिकत होता, हुशार होता, म्हणून धाकटीची शाळा सुटली. वर्गात पहिला नंबर तिचा यायचा, त्यांचा नव्हे. हे त्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की आठवायची गरज पडली नव्हती. तेव्हापासून आपण तिला काय काय विचारलं, ते त्यांनी आठवून पाहिलं. दोरा आहे का? खळ संपली का? कालचा गठ्ठा झाला का? या तीन प्रश्नांपलीकडे त्यांना चौथा काही केल्या आठवेना. या घरातली साडेआठ हजार पुस्तकं आपण वाचली, असं ते पाहुण्यांना सांगत. ते खुर्चीत बसून रडले. सभासदांपैकी कुणी पाहिलं असतं तर त्यांनी नाकबूल केलं असतं.

*

पाच वाजता वाचनकक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या सगळ्यात मागे, कपाटाला टेकून उभी होती. बसायचं तर पुढे जावं लागलं असतं. दादा दार उघडून बाहेर आले तेव्हा वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवानेही त्यांना काही वाचता आलं नाही.

शिफारशीआधी लेखकाची ओळख अध्यक्षाने दोन वाक्यांत करून द्यायची असते. दादांनी लेखिकाबाईंची ओळख करून दिली, दोन वाक्यांत. मग खाकरले.

“या पुस्तकाला आणखी एक लेखिका आहे,” ते म्हणाले. “आमच्या प्रतीतला तेरावा फर्मा मूळ पुस्तकातला नाही. तो कमी होता. तो आमच्या घरात लिहिला गेला आणि एकतीस वर्षं मी तो तुम्हाला बाईंचा म्हणून वाचायला दिला. चूक वाचनालयाची आहे, आणि वाचनालय म्हणजे मी. त्याबद्दल क्षमा मागतो.”

कुजबुज उठली. दादांनी हात वर केला. आजवर त्यांनी मान झुकवली नव्हती, आणि आत्याला दिसलं की आत्ताही ती झुकलेली नव्हती.

“आता तिची ओळख. ती माझी धाकटी बहीण. चौदाव्या वर्षी तिची शाळा सुटली, माझी सुटू नये म्हणून...”

“तेराव्या,” मागून आत्या म्हणाली. सगळे वळले.

“तेराव्या,” दादांनी दुरुस्ती केली. “तुमच्या हातात आलेलं या वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक तिने शिवलेलं आहे. त्यातली सोळा पानं तिने लिहिलेली आहेत. मी आज ती दोन्ही वाचली, बाईंची आणि तिची. मी साठ वर्षं वाचतोय. तुम्हाला सांगतो, माझ्या बहिणीने त्या बाईंच्या शेजारी बसून लिहिलंय, आणि कुठेही कमी पडली नाही.” त्यांचा आवाज फाटला, तो त्यांनी तसाच फाटका पुढे चालवला. “वाचायचं काम जामिनाचं. पण जामिनाची हरकत नसेल तर आज लेखिका वाचेल.”

मास्तरणीची हरकत कसली! ती धावत मागे गेली आणि आत्याचा हात धरून तिला ओढतच घेऊन आली. वहिनींनी उठून आपली खुर्ची दिली. आत्या बसली नाही. तिने जुनी प्रत घेतली, पान शोधावं लागलंच नाही. ते पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडत असे.

आधी आवाज बारीक आला. मागच्या लोकांनी कान पुढे केले. मग नणंद बोलायला लागली आणि आत्याचा आवाज मोकळा झाला. ज्यांना ते प्रकरण पाठ होतं त्यांनाही ते नवं वाटलं, कारण कुठे थांबायचं हे फक्त तिलाच ठाऊक होतं. चाळीस माणसं हातातल्या नव्या प्रती मिटून ऐकत बसली. ठिपक्याने एकही चूक शोधली नाही. दोनशे आठव्या पानाच्या तळाशी, अर्ध्या वाक्यावर, आत्या थांबली.

“इथून पुढचं बाईंचं,” ती म्हणाली आणि पुस्तक भाचीच्या हातात दिलं.

पहिल्या रांगेतला निवृत्त पोस्टमन उठून उभा राहिला. या माणसाने आजवर प्रत्येक जामिनाशी भांडण केलं होतं, त्यामुळे मास्तरीण लगेच जामीन म्हणून पुढे सरकली.

“म्हणजे आमची फसवणूक झाली,” तो म्हणाला.

“झाली,” आत्या म्हणाली.

“हरकत नाही. ते सोडा. मला एवढंच विचारायचंय की दुसऱ्याच्या पुस्तकात घुसवलेलं नव्हे, तुमचं स्वतःचं, पहिल्या पानापासून, असं काही आहे का?”

दादा हसले. त्यांना ठाऊक होतं काय आहे आणि काय नाही. हे वाचनालय त्यांचं होतं. ते तिच्या वतीने उत्तर द्यायला पुढे झाले, आणि मग काहीतरी आठवून थांबले. ते बहिणीकडे वळले आणि त्यांनी विचारलं, “आहे का गं?”

“आहे,” आत्या म्हणाली.

“किती?”

“एकेचाळीस फर्मे झालेत. बेचाळिसावा चालू आहे.”